ड्रॅग स्ट्रिपवर सुटताच 1988 च्या मस्टँग व्ही8 चा मागचा अ‍ॅक्सल तुटला आणि इंजिनही खडखडतंय. आधी काय करू?

आधी इंजिन तपासा, आणि तोवर ते पुन्हा सुरू करू नका. अ‍ॅक्सल तुटला की इंजिनावरचा भार एका क्षणात जातो. पाय अ‍ॅक्सिलरेटरवरच असतो, त्यामुळे आरपीएम भलतेच चढतात. स्प्रिंगना व्हॉल्व्ह वेळेत बंद करता येत नाहीत, ते पिस्टनवर आदळून वाकतात. म्हणून प्रत्येक सिलिंडरची लीकडाउन टेस्ट करा, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरून ती कुठून गळते ते बघा: वाकलेल्या व्हॉल्व्हची हवा इनटेकमधून किंवा सायलेन्सरमधून फुसफुसताना ऐकू येते. बेअरिंगचं दुखणं मात्र या टेस्टला कळत नाही. त्यासाठी ऑइल फिल्टर कापून कागदाची घडी उलगडा. चमकणारी पत्री दिसली आणि ती लोहचुंबकाला चिकटली नाही, तर बहुधा बेअरिंग गेलंय. मग इंजिन उतरवण्यावाचून इलाज नाही.

अ‍ॅक्सल वेल्ड करून चालवणं म्हणजे जिवाशी खेळ. शाफ्टची (अ‍ॅक्सलच्या दांड्याची) उष्णतेने आणलेली कडकी वेल्डिंगशेजारी जाते, पुढच्या वेळी जोरात सुटताना तो तिथेच तुटू शकतो. दोन्ही बाजूंचे शाफ्ट बदला. न तुटलेल्याचे स्प्लाइन (टोकावरचे दाते) बघा, तेही पिळलेले असू शकतात. या गाडीच्या 8.8 इंची अ‍ॅक्सलच्या शाफ्टला मूळचे 28 स्प्लाइन असतात. 31 स्प्लाइनचे घेतलेत तर डिफरन्शियलही (दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअरचा संच) त्याच मापाचा लागेल. शिवाय शाफ्ट आतल्या टोकाला सी-क्लिपने (C आकाराच्या कडीने) धरलेला असतो, म्हणजे तो तुटला की चाकासकट बाहेर येऊ शकतो. शाफ्टला बाहेरच्या टोकाला धरून ठेवणारे सी-क्लिप एलिमिनेटर बसवाच.

रेव्ह लिमिटर (आरपीएम ठरावीक मर्यादेवर रोखणारी यंत्रणा) वेळेवर लागला असेल, तर खडखडाट नुसत्या वाकलेल्या पुशरॉडचाही (व्हॉल्व्ह उघडायला जोर पोचवणाऱ्या दांडीचाही) असू शकतो. म्हणून लीकडाउन टेस्टच्याही आधी व्हॉल्व्ह कव्हर उघडून बघा, बिनखर्चाचं काम आहे.