'रनिंग बॅक'मधला बॅक म्हणजे पाठ नव्हे (आणि ते भूत सरपटत नाही)

प्रश्न असा आलाय, की रेड ग्रेंज या जुन्या अमेरिकन फुटबॉलपटूवरचा मजकूर मराठीत आणायचाय, त्यात एकाने 'रनिंग बॅक'चं (म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्या खेळाडूचं) 'धावता पाठीराखा' केलंय आणि त्याच्या 'गॅलपिंग घोस्ट' या टोपणनावाचं 'सरपटणारं भूत', तर हे चालेल का? माझं उत्तर, दोन्ही नको. पण का नको ते नीट सांगायला हवं, कारण दोन्ही चुका वेगवेगळ्या वाटांनी आल्यात.

आधी भूत. 'सरपट' हा शब्द हिंदीतून आलेला दिसतो, हिंदीत घोडा सरपट धावतो म्हणजे भरधाव धावतो. मराठीत सरपटणं म्हणजे पोट जमिनीला घासत जाणं, साप सरपटतो, पाल सरपटते, रांगायला न लागलेलं बाळ सरपटतं. म्हणजे शब्द तोच, अर्थ पार उलटा, इतक्या वेगवान माणसाला आपण जमिनीवर आडवं पाडलं. घोड्याच्या त्या चालीला आपल्याकडे इतका देखणा शब्द आहे, चौखूर. चार खूर उधळत जाणारा तो चौखूर.

आता घोस्ट का म्हणाले ते बघा म्हणजे मराठी शब्द आपोआप सुचेल. १८ ऑक्टोबर १९२४, इलिनॉय विद्यापीठाच्या नव्या स्टेडियमचा समर्पण सोहळा, समोर मिशिगनची तगडी टीम. मिशिगनने पहिलाच किकऑफ (खेळ सुरू करणारी लाथ) मारला तो ग्रेंजच्या हातात पडला आणि तो ९५ यार्ड पळत थेट टचडाऊन (म्हणजे चेंडूसकट समोरच्या टोकाच्या रेषेपार) करून आला. मग ६७ यार्ड, मग ५६, मग ४४, असे चार टचडाऊन पहिल्या बारा मिनिटांत! नंतर पाचवं पळून केलं, सहाव्यासाठी पास दिला, इलिनॉय ३९-१४ ने जिंकली. पकडायला आलेला माणूस हात घालायचा तेव्हा हा तिथे असायचाच नाही, कंबरेतून एक झोल, पावलाची दिशा बदललेली, आणि समोरच्याच्या हातात नुसती हवा. म्हणून भूत. घाबरवणारं नव्हे, हाती न लागणारं.

आणि हाती न लागणाऱ्या, वाट चुकवणाऱ्या भुताला कोकणात काय म्हणतात? चकवा! रात्री ओळखीच्या वाटेवरून घरी निघालेला माणूस त्याच शेताभोवती गोल गोल फिरत राहतो आणि उजाडल्यावर त्याला कळतं की आपण हललोच नाही, तेव्हा माझी आजी म्हणायची, "चकवा लागला त्याला." आणि हाच शब्द मैदानावर पण आहे, खो-खोत पाठलाग करणारा अगदी पाठीवर आला की पळणारा खांबापाशी हुलकावणी देऊन त्याला चकवतो. भूत आणि हुलकावणी एकाच शब्दात, हे इंग्रजी नावात सुद्धा नाही. म्हणून माझं मत 'चौखूर चकवा'. 'गॅलपिंग घोस्ट'मधे दोन्ही शब्द ग ने सुरू होतात तसे इथे दोन्ही च ने, तेवढी लय पण राहते.

आता मुख्य शब्द. पाठीराखा म्हणजे आपल्या पाठीशी उभा राहणारा, आधार देणारा, समर्थक. 'बॅक' बघून 'पाठ' आठवली आणि पाठीवरून पाठीराखा, असा तो प्रवास झाला असणार. पण या खेळात बॅक हे कामाचं नाव नाहीये, जागेचं आहे. डाव सुरू होताना दोन्ही टीमचे धिप्पाड लोक समोरासमोर एका रेषेत वाकून बसतात, ती फळी. त्या फळीच्या मागे जे उभे ते सगळे बॅक. फळीच्या अगदी जवळचा तो क्वार्टरबॅक, त्याच्या मागे हाफबॅक, सगळ्यात मागे फुलबॅक, म्हणजे पाव, अर्धा, पूर्ण, किती मागे त्याचं ते माप. रग्बीतून आलेली पद्धत. पुढे उभं राहायच्या पद्धती बदलल्या, आज कित्येक रचनांमधे फुलबॅक हा रनिंग बॅकच्या पुढे उभा असतो, पण नाव तेच. आपल्याकडे वतन गेलं तरी देशपांडे हे आडनाव राहिलंच की, तसंच.

'बचावपटू' पण नको, हा दुसरा मोह. सॉकरच्या बातम्यांमधे आपण बॅकला बचावपटू म्हणतो आणि तिथे ते बरोबर आहे, पण इथे रनिंग बॅक हा चेंडू काखेत मारून समोरची फळी फोडणारा माणूस, आक्रमणातला हुकमी एक्का. 'पिछाडीपटू' मी स्वतः काही दिवस वापरून बघितलं, पिछाडी म्हणजे मागची बाजू हे खरंय, पण आपल्या क्रीडापानांवर पिछाडी म्हणजे हरत असणं, 'पिछाडीवरून विजय'. वाचणारा अडखळतो. सोडून दिलं.

आणि गंमत म्हणजे (खरंतर गंमत नाही, वाईट वाटतं वाचताना) बॅक म्हणजे जागा, काम नव्हे, हे समजायला ग्रेंजची कारकीर्दच पुरेशी आहे. आईविना वाढलेला मुलगा, शिकागोजवळच्या व्हीटन गावात उन्हाळाभर घरोघरी बर्फाच्या लाद्या पोचवायचा, प्रसिद्ध झाल्यावर पण ते काम करत राहिला, म्हणून त्याचं दुसरं नाव 'व्हीटनचा बर्फवाला'. (इथे आइसमॅनचं 'हिममानव' करू नका, ते वेगळं प्रकरण आहे.) कॉलेजची शेवटची मॅच २१ नोव्हेंबर १९२५ ला खेळला आणि पाचच दिवसांनी, २६ ला, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी शिकागो बेअर्सकडून व्यावसायिक मैदानात. तेव्हा प्रो फुटबॉलला फार मान नव्हता, कॉलेजचा खेळ तो खरा आणि पैसे घेऊन खेळणं कमीपणाचं, त्याचे कोच बॉब झुपके सुद्धा नाराज झाले. मराठीत ही छटा आणायची असेल तर एक सोपा मार्ग आहे, ग्रेंजच्या बाजूने लिहिताना 'व्यावसायिक' आणि त्याला नावं ठेवणाऱ्यांच्या तोंडी 'धंदेवाईक'. एकाच गोष्टीचे दोन शब्द, एकात सन्मान, दुसऱ्यात नाक मुरडणं, आपल्याकडे आयते आहेत, वापरा.

त्या पहिल्या मॅचला सुमारे ३६ हजार लोक आले आणि निकाल लागला ०-०, कारण समोरच्या टीमचा, शिकागोच्याच कार्डिनल्सचा, पॅडी ड्रिस्कॉल चेंडू लाथाडताना मुद्दाम ग्रेंजपासून लांब मारत राहिला. ६ डिसेंबरला न्यूयॉर्कला ६५ हजारांच्या वर गर्दी झाली, तिथली जायंट्स टीम तोट्यात बुडत चालली होती ती त्या एका दिवसाच्या गल्ल्याने तरली. पुढच्या वर्षी बेअर्सशी पैशावरून बिनसलं तेव्हा ग्रेंज आणि त्याचा एजंट सी. सी. पाइल यांनी वेगळी लीगच काढली, ती एका हंगामात बंद पडली, त्यांची यँकीज टीम १९२७ मधे एनएफएलमधे (बेअर्स खेळायचे त्या मूळ व्यावसायिक लीगमधे) आली. आणि त्याच वर्षी बेअर्सविरुद्धच खेळताना बुटाचे खिळे मातीत रुतले, वरून समोरचा खेळाडू अंगावर पडला, गुडघा गेला.

१९२८ अख्खं घरी. १९२९ ला बेअर्सकडे परत आला तेव्हा पळता येत होतं पण तो झोल, तो एका पावलात दिशा बदलणं, ते गेलं होतं. चकवा गेला. पण तेव्हा तेच अकरा जण आक्रमण आणि बचाव दोन्ही खेळायचे, आक्रमणात फळीमागे उभा राहणारा हाफबॅक बचावातही फळीमागेच उभा राहायचा, नाव हाफबॅकच. तर हा माणूस बचावातला उत्तम हाफबॅक झाला. १७ डिसेंबर १९३३, एनएफएलच्या विजेतेपदाची मॅच, बेअर्स २३, जायंट्स २१, शेवटचा डाव. जायंट्सच्या रेड बॅडग्रोने पास झेलला, त्याच्या शेजारी त्याचा एक साथीदार मोकळा धावत होता, बॅडग्रोने नुसता चेंडू बाजूला टाकला असता तर मॅच गेली होती. ग्रेंज एकटा आडवा. नेहमीची पकड पायांत घालायची, यानं ती वर घातली, छातीपाशी मिठी मारून चेंडूसकट त्याचे हात आवळले, चेंडू सुटलाच नाही. ज्याला कोणी पकडू शकत नव्हतं त्याने एका पकडीने विजेतेपद राखलं. आता सांगा, 'धावता पाठीराखा' या दिवशी कुठे बसतो?

तर व्यवहारात काय करायचं? १९२५ च्या काळाबद्दल लिहिताना 'हाफबॅक' ठेवा, त्याच्या काळातल्या बातम्यांत तेच असायचं, 'रनिंग बॅक' रुळलं ते नंतर. शब्द देवनागरीत तसाच ठेवून पहिल्यांदा येईल तिथे 'फळीमागून चेंडू घेऊन पळणारा' असं एकदा सांगून टाका, बास. टॅकलला पकड म्हणा, कबड्डीमुळे ती सगळ्यांना कळते.

यार्डचं पण विचारलंय, मीटरमधे बदलू का? अजिबात नको, यार्डला आपल्याकडे 'वार' आहे, कापडाच्या दुकानात आणि आजीच्या ट्रंकेत. लुगडं नऊ वारांचं धरलं तर मिशिगनविरुद्धची ती पहिली ९५ वारांची धाव म्हणजे साडेदहा नऊवारी लुगडी एकापुढे एक अंथरायची आणि शेवटच्या पदरापर्यंत कोणी हात लावायच्या आत पोचायचं.