बँकॉकला आजी-आजोबा आणि मुलांना घेऊन जाताना: सहा दिवस कसे बसवावेत

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. कराडहून निघणार, दिवाळीच्या सुट्टीतले सहा दिवस, बरोबर सत्तरीचे सासू-सासरे, नऊ आणि चार वर्षांची मुलं, सासूबाई पक्क्या शाकाहारी. तीन दिवस बँकॉक आणि तीन दिवस पट्टाया असं पॅकेज घ्यावं की आपलं आपण जावं, असं तुम्ही विचारलंय.

आम्ही सांगलीहून दोनदा गेलो. २०१८ ला पॅकेजने, २०२४ च्या डिसेंबरात आपलं आपण. दोन्ही वेळा आई-अण्णा, म्हणजे माझे सासू-सासरे, बरोबर होते. पहिल्या वेळी सकाळी सातला बस हजर, दिवसाला पाच ठिकाणं, आणि मध्येच एका दागिन्यांच्या दुकानात दीड तास. तिसऱ्या दिवशी आईंचा गुडघा सुजला. चौथा दिवस त्या खोलीत एकट्या बसून होत्या आणि आम्ही मुलांना घेऊन बाहेर. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. पट्टाया काढून टाका. सहाही दिवस बँकॉक, एकच हॉटेल, आणि रोजचा बेत सासूबाईंच्या गुडघ्यांना विचारून ठरवा. त्यांना जे झेपेल ते चार वर्षांच्या पोरालाही झेपतं.

हॉटेल कुठे घ्यायचं याला सगळ्यात जास्त वेळ द्या. पोहण्याचा तलाव, नाश्ता हे नंतर बघा. आम्ही सफान ताक्सिन स्टेशनजवळ राहिलो. तिथे वरून धावणारी स्कायट्रेन आहे आणि जिना उतरलं की समोर चाओ फ्राया नदीचा साथोर्न धक्का. बँकॉकची वाहतूक संध्याकाळी अशी तुंबते की टॅक्सीत मुलं रडकुंडीला येतात. नदी मात्र कधी तुंबत नाही. नारिंगी झेंड्याच्या बोटीत बसायचं, मोठी देवळं आणि राजवाडा सगळं काठावरच आहे. अण्णांचा सगळा जन्म कृष्णाकाठी गेला. ते बोटीतून काठाच्या पूरभिंती बघत बसायचे, पाणी कुठवर चढत असेल याचा अंदाज घेत. आमच्याकडे २०१९ चा महापूर आणि त्यांच्याकडे २०११ चा, यावर ते एका बोटवाल्याशी खाणाखुणांनी बराच वेळ बोलले. सहलीतला तो त्यांचा सगळ्यात आवडता तास.

दिवस असा ठेवा: सकाळी साडेसातला बाहेर, बाराला परत, जेवण, झोप, आणि पाचनंतर पुन्हा नदीवर किंवा बागेत. दुपारचं ऊन आणि दमटपणा आपल्याकडच्यापेक्षा वेगळा असतो, घाम वाळतच नाही. उलट मॉल आणि गाडीतला एसी इतका गार, की सासूबाईंची शाल पिशवीत हवीच. ऑक्टोबरात तिकडे पाऊस असतो. दिवाळी नोव्हेंबरात येत असेल तर उत्तम, नाहीतर नाताळच्या सुट्टीचा विचार करा.

राजवाडा साडेआठला उघडतो, तेव्हाच दारात असा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. साडीला काही अडचण नाही, पण घरातल्या पुरुषांना हाफ पँट घालू देऊ नका. बाहेर कुणी गोड बोलून सांगेल की आज राजवाडा बंद आहे, रिक्षाने दुसरीकडे नेतो. ऐकू नका, सरळ दारापर्यंत चालत जा. २०१८ च्या मोकळ्या दुपारी आम्ही असेच फसलो होतो आणि परत एका दागिन्यांच्या दुकानात जाऊन बसलो.

आत पाचूच्या बुद्धाचं देऊळ आहे, ते सगळे बघतात. तुम्ही सासूबाईंना भोवतालच्या ओवरीत न्या. तिथे भिंतभर रामायण रंगवलंय, १७८ चित्रं. तिकडे त्याला रामकियन म्हणतात. रावण तिथे तोत्सकन, म्हणजे आपला दशकंठ. मारुती पांढराशुभ्र. आईंनी माझ्या मुलीला एकेक प्रसंग ओळखून दाखवला. जिथे कथा आपल्यापेक्षा वेगळी निघाली तिथे दोघी थांबून वाद घालत होत्या. त्या दिवशी दुसरं काहीच बघितलं नाही, आणि कुणाला काही राहिल्यासारखंही वाटलं नाही.

दुसऱ्या सकाळी वाट फो, ‘वाट’ म्हणजे थाई भाषेत देऊळ. ४६ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध, आणि त्याच्या पाठीमागे ओळीने १०८ काशाची वाडगी. सुट्टी नाणी घेऊन प्रत्येकात एक टाकत जायचं. त्या टण टण आवाजात चार वर्षांचं मूल अर्धा तास रमतं. इथलं थाई मालिशचं शिक्षण प्रसिद्ध आहे. अण्णांनी पाय चोळून घेतले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितले. समोरच्या काठावर वाट अरुण, अरुण म्हणजे आपलाच सूर्याचा सारथी. छोट्या होडीने पलीकडे जाता येतं. वरच्या पायऱ्या फार उभ्या आहेत, मोठ्यांनी खालीच बसावं.

संध्याकाळी लुंफिनी बाग चुकवू नका. तळ्याकाठी पुरुषभर लांबीच्या घोरपडी मोकळ्या फिरतात. मुलांना जवळ जाऊ देऊ नका, पण दाखवा जरूर. सहाला राष्ट्रगीत लागतं आणि पळणारी माणसंसुद्धा जागच्या जागी उभी राहतात. आपणही उभं राहायचं.

आता जेवण. नुसतं ‘व्हेज’ म्हणून भागत नाही, भाजीतही माशाचा सॉस पडतो. ‘जे’ हा शब्द पाठ करा. पिवळ्या पाटीवर तांबडं अक्षर असतं, इंग्रजी आकड्यांतल्या १७ सारखं दिसतं. तिथे मांस, मासे, अंडं नाहीच, कांदा-लसूणही नाही. सासूबाई निर्धास्त जेवतील. पाहुरात या भारतीय वस्तीच्या भागात मोठा गुरुद्वारा आहे, सकाळी लंगरमध्ये पोळी-भाजी मिळते. साम योत मेट्रोपासून चालत जाता येतं. बाकी सेव्हन-इलेव्हनमध्ये केळी, दही, दूध. आम्ही भडंग आणि मेतकूट नेलं होतं, पहिल्या रात्री तेच कामी आलं.

सहा जणं आणि बॅगा एका टॅक्सीत मावत नाहीत. विमानतळावरून मोठी व्हॅन आधीच ठरवा, पैसे वाचवायला जाऊ नका. व्हिसाचा नियम गेल्या काही वर्षांत बदलत आलाय, म्हणून तिकीट काढण्याआधी थाई दूतावासाच्या साइटवर बघा. १ मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं, धाकट्याचंसुद्धा. पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं. ते फुकट आहे, पैसे मागणारी साइट सरकारी नाही.

परतीच्या दिवशी सुवर्णभूमी विमानतळावर नेहमीच्या वेळेपेक्षा तासभर आधी जा. पासपोर्ट तपासणी ओलांडली की समुद्रमंथनाचं प्रचंड शिल्प आहे, एका बाजूला देव, दुसऱ्या बाजूला असुर, मध्ये मंदार पर्वत. मुलांना आधी काही सांगू नका. वासुकी त्यांचा त्यांनाच ओळखू द्या, आजी शेजारी असेलच.