लिस्बनला संत्री केव्हा खावीत, आणि हिरवे संत्रे कच्चे का नसते

आपण म्हापशाहून लिस्बनला स्थायिक व्हायला निघाला आहात, लिंबूवर्गातली फळे आपल्याला फार आवडतात, आणि तिथे ती हंगामानुसार कशी खावीत व ‘आपल्यासारखी चव’ मिळते का, असे आपण विचारले आहे. प्रश्नातले शेवटचे शब्द वाचल्यावर उत्तर लिहिल्यावाचून राहवेना. मी फोंड्याची आहे. नोकरीनिमित्त लिस्बनला लागून असलेल्या ओदिवेलास या गावी काही वर्षे राहून परतले आहे, आणि नेमक्या याच चवीवरून आमच्या घरात आजही वाद होतो.

आधी ‘आपल्यासारखी’ म्हणजे कोणासारखी, ते ठरवू या. आपल्या बाजारात येणारी संत्री नागपूर-अमरावतीकडची आणि मोसंबी जालना भागातली, म्हणजे ट्रकमधून घाट उतरून आलेली. खऱ्या अर्थाने आपल्या मातीतली म्हणावीत ती कुळागरातली, म्हणजे पोफळीच्या बागेतली पपनसे, चतुर्थीला माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीला बांधायची महाळुंगे आणि विहिरीजवळच्या झाडाची लिंबे. संत्र्याच्या बाबतीत गोवेकर हा गिऱ्हाईकच आहे, बागायतदार नव्हे, त्यामुळे परदेशी संत्र्याला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला हे मला कधी कळलेले नाही. लिस्बनमध्ये मात्र आपण संत्र्याच्या मुलखाच्या दाराशी राहाल. देशाच्या दक्षिण टोकाला आल्गार्व प्रांत आहे, तिथल्या लिंबूवर्गीय फळांना युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकन आहे, आणि सिल्वेश हे तिथले गाव स्वतःला संत्र्यांची राजधानी म्हणवून घेते. तिथून लिस्बनपर्यंतचा रस्ता सकाळी निघून दुपारच्या जेवणाला पोहोचावे इतकाच आहे.

आता आमचा वाद सांगते. माझी थोरली बहीण आणि तिचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, एका मे महिन्यात आमच्याकडे ओदिवेलासला आले होते. वरच्या मजल्यावर एक वयस्क विधवा बाई राहत असत. त्यांचे माहेर सिल्वेशकडचे, आणि भाऊ गावाहून आला की घरच्या झाडाची पिशवीभर संत्री त्या आम्हाला हमखास देत. पाहुणे आले आहेत हे समजल्यावर त्यांनी मुद्दाम मोठी पिशवी आणून दिली. देठ तसेच होते, काही देठांना दोन-दोन पाने होती, सालीवर धूळ होती, आणि देठाकडच्या बाजूला जवळजवळ प्रत्येक फळावर हिरवा रंग चढलेला होता. भावोजींनी एक फळ उचलले, फिरवून पाहिले आणि बाई जिना चढून वर जाईपर्यंतही न थांबता जाहीर केले की ही संत्री कच्ची आहेत, म्हातारीने उरलेसुरले गळ्यात मारले आहे, आणि एरवी या देशात जे काही मिळते ते मेण लावून शीतपेटीत ठेवलेलेच असणार.

मी त्यांना शांतपणे समजावून सांगितले, आणि तेच आता आपल्यालाही सांगते, कारण तिथे राहायचे तर हे ठाऊक असणे आवश्यक आहे. ही वॅलेन्सिया लेट जातीची संत्री. या झाडावर वसंतात नवी पांढरी फुले येतात तेव्हाही मागच्या वर्षीची फळे फांद्यांवर पिकलेली असतात. संत्र्याच्या सालीचा केशरी रंग हे पिकल्याचे नव्हे, तर थंड रात्रींचे काम आहे. थंडीत सालीतले हरितद्रव्य ओसरते आणि खालचा रंग दिसू लागतो. पुढे हवा तापली की झाडावरच राहिलेल्या फळाच्या सालीत ते हरितद्रव्य पुन्हा येते. आत मात्र फळ जितके दिवस झाडावर राहील तितका त्याचा आंबटपणा कमी होत जातो, त्यामुळे मे-जूनमधले हिरवट संत्रे डिसेंबरातल्या केशरी संत्र्यापेक्षा गोड निघण्याचाच संभव अधिक. याउलट हंगामाच्या प्रारंभी ऑक्टोबरात जे झगझगीत केशरी फळ दुकानात दिसते, त्याची हिरवी साल अनेकदा इथिलीन वायूच्या खोलीत ठेवून उतरवलेली असते, आणि आत ते चांगले आंबट असू शकते.

यावर भावोजींचे उत्तर असे की फळाचा रंग ओळखायला त्यांना वायूची खोली नको, डोळे आहेत. मी त्यांना विचारले की फोंड्याच्या बाजारात आपण मोसंबी घेता ती कोणत्या रंगाची असते? हिरवीच ना? ती रसाळ आणि गोड लागते तेव्हा कोणी तिला कच्ची म्हणत नाही, कारण आपल्याकडे रात्री तितक्या थंड होतच नाहीत आणि हिरव्या सालीची डोळ्यांना सवय झालेली असते. यावर ‘मोसंबी ती मोसंबी आणि संत्रे ते संत्रे’ असे म्हणून त्यांनी सगळी फळे तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली. मानकुराद आंबे पिकवणाऱ्या घरातला माणूस दुसरे काय करणार! आंबा काढल्यावरही पिकतो, कारण त्यात साठलेल्या पिठाची साखर होते. संत्र्यात तसा साठाच नसतो, ते तोडले त्या क्षणी जसे असेल तसेच राहते, फार तर सुकते. ताईने मात्र त्याआधीच तीन संत्री मोरीपाशी उभ्या उभ्या, रस कोपरापर्यंत ओघळत असताना संपवली होती, आणि तिने या वादात एक शब्दही काढला नाही. डब्यातली फळे ते निघेपर्यंत हिरवीच राहिली, आणि त्यावरून भावोजींनी निष्कर्ष काढला की पोर्तुगालमध्ये संत्री पिकतच नाहीत. आमच्या प्रत्येक मंगलकार्यात ते हे आजही चारचौघांत सांगतात.

आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे थोडक्यात देते. साधारण नोव्हेंबरपासून नेवलिना आणि न्यूहॉल ही नाभीची, म्हणजे बुडाशी बेंबीसारखी खूण असलेली संत्री येतात, आणि त्यांच्याच जोडीने जानेवारीपर्यंत क्लेमेंटाइन ही छोटी संत्री. सैल सालीच्या नागपुरी संत्र्याची आठवण आली तर सर्वांत जवळचे हेच, फक्त बिया बहुधा नसतात आणि नागपुरी फळाची आंबटगोड धार थोडी कमी असते. फेब्रुवारीनंतर लेन लेट ही नाभीचीच उशिरा येणारी जात, आणि एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत वॅलेन्सिया. सप्टेंबर-ऑक्टोबरात दक्षिण आफ्रिकेची फळे दुकानांत असतात. ती घेण्यापेक्षा त्या दिवसांत द्राक्षे आणि अंजिरे खावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. नाभीची संत्री सोलून खाण्यासाठी आहेत, त्यांचा रस काढून ठेवला तर थोड्या वेळाने कडू होतो. रस वॅलेन्सियाचा काढावा. तिथले लोक जेवणानंतर संत्र्याच्या चकत्यांवर दालचिनीची पूड भुरभुरून खातात, ते अवश्य करून पाहा. आपल्या पद्धतीने मीठ-मिरची लावून खाल्ले तर तिथले शेजारी विचित्र नजरेने पाहतात, पण पाहू द्यावे.

निवडताना रंग आणि चकाकी यांकडे दुर्लक्ष करून हातात वजन तोलावे. आकाराच्या मानाने जड ते रसाळ. पाने लावून विकायला ठेवलेली फळे मिळाली तर पान ताजे आहे की चुरगळते आहे ते पाहावे, म्हणजे फळ केव्हा तोडले ते विक्रेत्याला विचारावे लागत नाही. काढणीनंतर बुरशीनाशक लावले असेल तर तसा उल्लेख लेबलावर करावा लागतो, तेव्हा सालीचा मुरंबा करायचा असल्यास ते लेबल वाचूनच फळे घ्यावीत. मेणाच्या बाबतीत भावोजींचे म्हणणे अगदीच खोटे नाही, दुकानातल्या पुष्कळ फळांना ते लावतात, कारण धुतल्यावर फळाचा स्वतःचा नैसर्गिक थर निघून जातो. पण आपल्याकडे स्टिकर लावून ‘इम्पोर्टेड’ म्हणून दुप्पट दराने विकली जाणारी जी संत्री ते स्वतः हौसेने आणतात, त्यांच्यावरही तेच मेण असते.

लिंबाची मात्र थोडी अडचण होईल. तिथले पिवळे लिंबू जाड सालीचे आणि सुवासिक असते, सरबताला उत्तम, पण आपल्या कागदी लिंबाची धार त्यात नाही. लिस्बनच्या मार्तिम मोनीझ भागात दक्षिण आशियाई दुकाने आहेत, तिथे शोध घ्यावा. इथून लिंबे, पपनसे किंवा कोणतीही पाने सामानात नेऊ नयेत. युरोपीय संघात ताजी फळे नेण्यास डिसेंबर 2019 पासून, केळी, नारळ, अननस अशी मोजकी फळे वगळता, वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते, आणि विमानतळावर ती काढून घेतली जातात.

आणखी एक गोष्ट, जी खरे तर सर्वांत आधी सांगायला हवी होती. आपल्यासोबत वडीलधारे कोणी राहणार असेल आणि त्यांना रक्तदाबाची किंवा कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल, तर ग्रेपफ्रूट देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, कारण त्या फळामुळे काही औषधांचे शरीरातले प्रमाण वाढते. पपनसाच्या बाबतीतही तीच काळजी घ्यावी. साध्या संत्र्याला ही आडकाठी नाही. आणि मे महिन्यात गोव्याहून कोणी पाहुणे येणार असतील, तर संत्री स्वयंपाकघरातच सोलून, फोडी करून ताटलीतून बाहेर आणावीत आणि साली आधीच कचऱ्यात टाकाव्यात.