जिममध्येच आंघोळ करून थेट ऑफिसला जायचं असेल, तर सोबत काय काय न्यावं?

तुम्ही लिहिलंय की जिम ऑफिसच्या शेजारी आहे, घर लांब आहे, येणं-जाणं लोकलने, आणि आंघोळीचं सामान रोज वाहायचं म्हटलं की अंगावर काटा येतो. शिवाय बॅगेला वास येईल ही धास्ती. माझंही रोजचं हेच आहे. डोंबिवलीहून पहाटेची लोकल, घाटकोपरला जिम, तिथेच आंघोळ आणि तिथून चालत ऑफिस. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वजनाची काळजी सोडा. साबण, कंगवा, पावडर यांचं वजन ते किती असणार! त्रास देतं ते पाणी. सकाळी आठला ओलं झालेलं कापड संध्याकाळपर्यंत बंद बॅगेत कोंबून ठेवलं की कुबट वास येणारच, आणि पावसाळ्यात तर विचारूच नका. त्यामुळे कुठलीही वस्तू घेताना मी एकच बघते, ही पाणी किती धरते आणि वाळायला किती वेळ घेते.

या हिशेबाने टर्किश टॉवेल बाद होतो. त्याच्या दोन्ही अंगांना धाग्यांचे बारीक फासे असतात आणि पाणी त्या फाशांतच साठून राहतं. घरी त्याच्यासारखं सुख नाही, आमच्याकडे सोलापूरचेच टॉवेल आहेत, पण ते घरीच. जिमला पंचा न्या. साधा, सुती, पातळ विणीचा. एकदा अंग पुसा, घट्ट पिळा, परत पुसा; दुसऱ्या पुसण्यात अंग कोरडं होतं. मग झटकून गुंडाळी करा आणि ऑफिसात पोचल्याबरोबर टेबलाच्या मागच्या बाजूला, कुणाच्या नजरेत येणार नाही अशा जागी, चिमटा लावून टांगा. एसीची हवा कोरडी असते, त्यामुळे दुपारच्या डब्याच्या वेळेपर्यंत पंचा बहुतेक खडखडीत वाळतो. दोन पंचे ठेवा, एक सोबत आणि एक धुवायला. टांगायला अगदीच संकोच वाटत असेल तर खेळाच्या सामानाच्या दुकानात मायक्रोफायबरचे छोटे टॉवेल मिळतात, तेही लवकर वाळतात. मला मात्र अंगाला सुतीच बरं वाटतं.

साबणाची वडी बंद डबीत ठेवली की दुसऱ्या दिवशी तिचा लगदा होतो. त्यापेक्षा बॉडीवॉश १०० मिलीच्या बाटलीत भरून घ्या. एका आंघोळीला ५ मिली धरलं तरी बाटली २० आंघोळींना पुरते, म्हणजे जवळजवळ महिन्याचे कामाचे दिवस निघाले. बाटली काठोकाठ भरू नका आणि झाकणाखाली प्लॅस्टिकचा छोटा तुकडा घालून मग झाकण फिरवा. गर्दीत बॅग दाबली गेली तरी गळत नाही. वडीच हवी असेल तर सुरीने तिचे तुकडे करा आणि दोन-तीन दिवस पुरेल एवढाच तुकडा न्या. शाम्पूच्या पुड्या टाळा. अर्धी वापरलेली पुडी हमखास बॅगेत सांडते. दात घासणं, दाढी वगैरे घरी उरकून या, तेवढंच सामान कमी.

आता बाथरूम. बहुतेक जिममध्ये आत एकच खुंटी असते आणि फळी नसतेच. म्हणून टांगता येईल असा, वर हूक असलेला पाऊच घ्या. कपडे त्याच खुंटीवर उलट्या क्रमाने टांगा. सगळ्यात शेवटी घालायचं ते सगळ्यात आत, आणि सगळ्यात आधी लागणारं ते वर. ओल्या फरशीवर सलवार किंवा पॅंट घालताना तिचे पाय हमखास भिजतात. त्यावर उपाय सोपा आहे. घालण्याआधी दोन्ही पाय खालून गुडघ्यापर्यंत गुंडाळून घ्या, एकेक पाय घाला, आणि चपलेत नीट उभं राहिल्यावरच गुंडाळी सोडा. रबरी चपला याच्यासाठीही लागतात आणि त्वचेसाठीही.

त्वचेचं थोडं गांभीर्याने सांगते. गजकर्ण आपल्याकडे फार पसरलंय आणि औषधांना दाद न देणाऱ्या बुरशीची अडचण त्वचारोगतज्ज्ञांना रोज येते. दमट, घट्ट कपडे आणि दुसऱ्याचा टॉवेल ही त्याची आवडती ठिकाणं. त्यामुळे जिमचा टॉवेल वापरू नका, मैत्रिणीचाही नको. जांघा, काखा आणि पायाच्या बोटांमधली जागा कोरडी केल्याशिवाय कपडे चढवू नका, मग भले ऑफिसला पाच मिनिटं उशीर होवो. गोल, खाजरा चट्टा दिसला तर केमिस्टकडून कुठलीही ट्यूब आणून लावू नका. अशा बऱ्याच ट्यूबांमध्ये स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र आत पसरत राहते. सरळ डॉक्टरकडे जा.

व्यायामाचे कपडे ही वासाची खरी जड बाजू. पॉलिस्टरमध्ये घामाचा वास सुती कापडापेक्षा जास्त धरून राहतो आणि जिमचे कपडे बहुतेक पॉलिस्टरचेच असतात. आंघोळ करता करता टी-शर्ट आणि बाकीचे कपडे शॉवरखालीच खळबळून घ्या, घट्ट पिळा, मग पिळलेल्या पंचात गुंडाळून वरून पाय देऊन दाबा (हे अंग पुसायच्या आधी नव्हे, नंतर). उरलेलं पाणी पंचात उतरतं. मग ते जाळीच्या पिशवीत घाला, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. प्लॅस्टिक वरून फक्त ऑफिसपर्यंत, बॅग भिजू नये म्हणून. ऑफिसात पोचलात की काढून टाका.

आणखी एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. व्यायाम थांबला म्हणजे घाम थांबत नाही. शरीर आतून तापलेलं असतं, त्यामुळे लगेच गरम पाण्याने आंघोळ केली की बाहेर येऊन कुर्ता घालेपर्यंत पाठ परत ओली. दहा मिनिटं पंख्याखाली बसा, पाणी प्या, स्ट्रेचिंग तिथेच करा. मग कोमट पाण्याने सुरुवात करून शेवटचे दोन मिनिटं गार पाणी घ्या. घाम कमी करणारं रोल-ऑन रात्री झोपताना कोरड्या काखेत लावलेलं जास्त चांगलं काम करतं, कारण त्या वेळी घाम कमी असतो आणि ते नीट बसतं. सकाळी स्प्रे मारायचा असेल तर बाहेर येऊन मारा. बंद चेंजिंग रूममध्ये दुसऱ्याला श्वास घेणं अवघड होतं.

केस लांब असतील तर रोज धुवू नका. शॉवर कॅप घाला आणि केस धुवायचे दिवस सुट्टीचे ठेवा. मंगळसूत्र, कानातले, अंगठी हे सगळं पाऊचच्या एकाच चेनवाल्या कप्प्यात, रोज त्याच कप्प्यात. बाहेर पडताना तिथे हात घालून बघायची सवय लावा. यातलं काहीही खुंटीवर टांगून ठेवायचं नाही.

ऑफिसचे कपडे चुरगळू नयेत म्हणून कुर्ता किंवा शर्ट घडी करून कागद ठेवायच्या जाड प्लॅस्टिक फोल्डरमध्ये घाला आणि तो बॅगेत पाठीच्या बाजूला उभा ठेवा. ऑफिसचे बूट ऑफिसातच ठेवता आले तर फारच सोपं.

आणि वर्षाची फी भरण्याआधी एकदा सकाळी, तुमच्याच वेळेला, जिमचं बाथरूम बघून या. खुंटी किती, बाहेर हवा फेकणारा पंखा चालतो का, गरम पाणी येतं का, आणि टाकीचं पाणी कितीला संपतं. ट्रेनरला नको, साफसफाई करणाऱ्या मावशींना विचारा. खरं उत्तर त्यांनाच माहीत असतं.