आम्ही मालक की मजूर?

प्रश्न : ताई नमस्कार, इचलकरंजीत आमचे आठ साधे माग आहेत. वडील खर्चीवाले, म्हणजे व्यापाऱ्याकडून सूत घ्यायचं आणि मजुरीवर कापड विणून द्यायचं. मी बीएला इकॉनॉमिक्स घेतलंय, पुस्तकात भांडवल एका बाजूला आणि श्रम दुसऱ्या बाजूला, मग वडील नक्की कुठे बसतात? दुसरं म्हणजे ऑगस्ट 2025 मध्ये सरकारने कापसावरची 11 टक्के आयात ड्युटी काढली तेव्हा आमच्याकडे लोक म्हणाले बरं झालं, आणि कापूस पिकवणारे यवतमाळचे मामा म्हणाले आमचं वाटोळं झालं. मग देशाचा फायदा झाला की तोटा?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं, कारण असे प्रश्न घरातून येतात, गाईडमधून येत नाहीत.

आधी वडिलांचं. माग त्यांचे म्हणून पुस्तकात ते भांडवलदार. पण सूत त्यांचं नाही, कापड त्यांचं नाही, कापडाचा भाव ठरताना त्यांना कोणी विचारत नाही, त्यांना मिळते ती मजुरी आणि तीही पिकावर. (बाकीच्या वाचकांसाठी, पिक म्हणजे आडवा धागा, 52 पिकाचं कापड म्हणजे एका इंचात असे 52 धागे.) समजा एका मीटरला दर पिकामागे 5 पैसे ठरले तर 52 पिकाच्या कापडाला मीटरमागे 2 रुपये 60 पैसे आले, त्यातूनच लाईट बिल, माग चालवणाऱ्याचा पगार, कांडीवाल्याचे (आडव्या धाग्याच्या कांड्या भरून देणाऱ्याचे) पैसे, शटल (ती कांडी इकडून तिकडे नेणारा धोटा) तुटलं की तेही. म्हणजे व्यापाऱ्यापुढे ते मजूर आणि शेडमध्ये पाय ठेवला की मालक. कामगार मजुरीवाढ मागतोय आणि व्यापारी पिकामागे पैसा वाढवायला तयार नाही, अशा वेळी घरात काय वातावरण असतं ते मी तुम्हाला काय सांगणार.

मला विचाराल तर मालक कोण, मजूर कोण हे बाजूला ठेवा आणि भाव पडला की मार कोणाला बसतो ते बघा. मंदी आली की व्यापारी सूत द्यायचं थांबवू शकतो, वडिलांचा कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही आणि कामगाराची चूल तर त्याच आठवड्यात थंड होते.

आता मामांचं. ड्युटी गेली की बाहेरचा कापूस स्वस्त पडतो, त्यात सूतगिरणीचा फायदा आणि मामांच्या कापसाचा भाव दबतो. देशाचा फायदा म्हणतात तेव्हा सूतगिरणीचा नफा आणि मामांचा तोटा एकाच पिशवीत टाकून बेरीज करतात, आणि बेरजेत मामा दिसतच नाहीत. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला 8,110 रुपये क्विंटल हमीभाव होता, पण ओलावा जास्त म्हणून सरकारी केंद्राने माल नाकारला किंवा पैशाची घाई असली की तो खाजगी व्यापाऱ्याकडेच जातो आणि व्यापारी बाहेरचा भाव बघूनच बोलतो. बाहेरचा म्हणजे न्यूयॉर्कचा वायदा (पुढच्या तारखेच्या मालाचा आज ठरणारा भाव), पौंडाला किती सेंट. अमेरिका आपल्या कापूसवाल्यांना सबसिडी देते म्हणून भाव दबतो हे गाऱ्हाणं 2003 मध्ये बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या आफ्रिकेतल्या देशांनी डब्ल्यूटीओत, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेत, मांडलं होतं. मालीतल्या शेतकऱ्याचं दुखणं आणि मामांचं दुखणं एकच आहे, फक्त पासपोर्ट वेगळे.

तुम्हाला अभ्यासाला अर्थशास्त्रज्ञ रिकार्डो असेलच, 1817 चा, इंग्लंडचं कापड आणि पोर्तुगालची वाईन, म्हणजे ज्या देशाला जे तुलनेने स्वस्तात जमतं ते त्याने करावं आणि बाकीचं व्यापारातून घ्यावं, त्यात दोघांचाही फायदा. त्याचं गणित या गृहीतावर उभं आहे की भांडवल सहसा देश सोडून जात नाही. त्याच्या काळात ते पटण्यासारखं होतं. आज पैसा एका रात्रीत ढाक्याला जातो, पण तुमच्या शेडमधला बिहारचा पोरगा रेल्वेने इचलकरंजीपर्यंत येऊ शकतो, ढाक्याच्या कारखान्यात जाऊन काम मागू शकत नाही. तरी वर्गात तेच गणित आजचं म्हणून शिकवतात याचा मला खरंच राग येतो.

एक काम करा. वडिलांच्या जुन्या वह्या काढा, दर वर्षीची पिकाची मजुरी, सुताचा भाव, विजेचा युनिटचा दर आणि कामगाराची मजुरी शेजारी शेजारी लिहा, मामांना फोन करून त्याच वर्षांचा कापसाचा भाव घ्या. कोणता आकडा सुताबरोबर हलला आणि कोणता वर्षानुवर्षं जागचा हलला नाही ते बघा. तक्ता झाला की मला पाठवा, पुढच्या अंकात त्यावरच बोलू.