एकच आयशर आहे, जवळची फायद्याची भाडी कशी मिळवायची?

तुमची १४ फुटी आयशर पुण्यात आहे आणि रोज रात्री घरी परतायचंय, असं तुम्ही लिहिलंय. मग ॲपवर भाडी शोधत बसण्याआधी चाकण, रांजणगावच्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणारे छोटे युनिटवाले गाठा. थेट डिस्पॅचवाल्याला भेटा. त्यांचा माल रोज थोडा थोडा निघतो आणि त्यांना वेळेवर येणारी गाडी हवी असते. दलालाकडून काम घेतलं तर कमिशन जातं, पण सुरुवातीला ओळखी त्याच्याकडूनच होतात, त्यामुळे त्याला तोडू नका.

भाडं ठरवताना किलोमीटरपेक्षा तास मोजा. जवळच्या कामात पैसा रस्त्यावर कमी आणि गेटवर जास्त जातो. भिवंडीच्या गोदामात गाडी खाली व्हायला संध्याकाळ झाली की दुसरी फेरी गेलीच. म्हणून हॉल्टिंग (गाडी थांबवून ठेवल्याचे जादा पैसे) कधीपासून, हमाली कोणाची, हे गाडी लागण्याआधीच व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. मी हे न केल्यामुळे पूर्ण दिवसाचे पैसे घालवलेत.

पुणे-भिवंडी जाऊन-येऊन साधारण ३०० किलोमीटर. लिटरला साडेसात धरले तर ४० लिटर डिझेल. टोल, गाडीच्या कर्जाचा हप्ता, टायर वेगळे. रिटर्न भाडं मिळणारच, असं धरून दर देऊ नका.

आणखी एक, दहापेक्षा जास्त मालवाहू गाड्या नसतील तर भाडं देणाऱ्याला पॅनसह तसं लेखी घोषणापत्र द्या, मग भाड्यातून टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा आयकर) कापला जात नाही.