मोटरहोमवाले रस्त्यात खरंच एकमेकांशी मैत्रीनं वागतात, की गाडी बघून भाव देतात?

तुम्ही पहिल्यांदाच भाड्याचं मोटरहोम, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घेऊन निघताय, आणि कुणी सांगतंय की रस्त्यावर सगळे एकमेकांना हात करतात, अगदी घरच्यासारखं असतं, तर कुणी सांगतंय की मोठ्या गाडीवाले ढुंकूनही बघत नाहीत, मग खरं काय, असं तुम्ही विचारलंय. आम्ही दोघं नवराबायको सात वर्षं फिरतोय, गाडी जुनी, सेकंडहँड, ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असतो ना त्यातली. मला विचाराल तर दोन्ही खरं आहे, पण हात केला की नाही यावरून कुणाबद्दल काही ठरवू नका. माणूस कसा आहे ते पाण्याच्या नळापाशी कळतं.

पहिल्या ट्रिपला मी अक्षरशः मोजायचे, किती जणांनी हात केला आणि किती जणांनी नाही, आणि नाही केला की मनाला लागायचं. मग एक दिवस नवऱ्यानं स्टिअरिंग माझ्या हातात दिलं तेव्हा समजलं. समोरचा 80 च्या स्पीडनं येतोय, आपणही 80 नं चाललोय, म्हणजे मधलं 100 मीटर अंतर सव्वादोन सेकंदांत संपतं, तेवढ्यात ती गाडी कसली ते ओळखायचं, हात उचलायचा आणि परत स्टिअरिंगवर आणायचा. त्यात आडवा वारा असला किंवा शेजारून मोठा ट्रक गेला तर उंच गाडी अशी हेलकावते की एक बोट उचलायची सुद्धा हिंमत होत नाही.

आणि ओळखू न येणं हे तर फारच कॉमन आहे. युरोपात कितीतरी मोटरहोम फियाट डुकाटोवर बांधलेली असतात आणि कुरियरच्या व्हॅनही त्याच, त्यामुळे व्हॅनचं मोटरहोम केलेलं असेल तर समोरून ती पार्सलचीच गाडी वाटते, बाजूनं गेल्यावर खिडक्या नि ऑनिंग, म्हणजे बाजूला उघडायचं कापडी छत, दिसतं तोवर ती मागे गेलेली असते. व्हॅनवाल्यांना वाटतं की मोठ्या गाडीवाले आपल्याला हिशेबातच धरत नाहीत. अहो त्यांना तुम्ही दिसलाच नाहीत! फोक्सवॅगनची टाइप टू व्हॅन 1950 मध्ये आली, तिच्या मालकांमध्ये एकमेकांना हात करायची पद्धत इतकी पक्की का झाली याचं मला तरी एक कारण हेच दिसतं, की तसं तोंड दुसऱ्या कुठल्या गाडीला नव्हतं, लांबूनच कळायचं.

अमेरिकेत 1966 मध्ये गुड सॅम क्लब सुरू झाला त्यामागची कल्पना मला हात करण्यापेक्षा कितीतरी जास्त आवडते. गाडीच्या मागे एक स्टिकर लावायचा, म्हणजे बाकीच्यांना कळेल की कुणाची गाडी बंद पडलेली दिसली तर हा माणूस थांबणारा आहे. हात करायला काही लागत नाही हो, थांबायला आपला वेळ द्यावा लागतो.

आता तोऱ्याचं. तो आहे, नाही कशाला म्हणू. अमेरिकेत मोटरहोम मुक्कामाला लावायचे काही खासगी पार्क दहा वर्षांपेक्षा जुनी गाडी घेतच नाहीत किंवा आधी फोटो पाठवा म्हणतात, आणि काही रिसॉर्ट तर फक्त क्लास ए म्हणजे बससारख्या मोठ्या गाड्यांसाठीच आहेत. कारण असं देतात की लोक मोडक्या गाड्या आणून तिथेच सोडून देतात, असेलही, पण नीट ठेवलेली पंधरा वर्षांची गाडी आणि भंगार गाडी यातला फरक कळायला दोन मिनिटं पुरतात, त्यासाठी नियम कशाला हवा.

आमच्या बाबतीत एकदा एका कॅम्पसाइटवर शेजारी तीन नव्या कोऱ्या गाड्या होत्या, ऑनिंग समोरासमोर उघडून त्यांनी मध्ये छान अंगण केलं होतं. त्यातले एक गृहस्थ आले, आमच्या खिडकीखाली गंजाचा एक ओघळ आहे, त्यावरून त्यांनी बोट फिरवलं आणि विचारलं, कोणत्या सालची? मी सांगितलं. बरं, म्हणाले आणि गेले. नाव नाही, कुठून आलात नाही, काही नाही. संध्याकाळी चौथी नवी गाडी आली तर तिच्यातल्या लोकांना ते स्वतः जाऊन अंगणात घेऊन आले, आम्ही चार पावलांवर खुर्च्या टाकून बसलेलो. नवरा म्हणाला सोड, पण मला त्या रात्री खूप वाईट वाटलं आणि आत्ता लिहितानाही वाटतंय.

पण त्याच्या उलट पहिल्याच वर्षीची ही गोष्ट. टॉयलेटची कॅसेट म्हणजे बाहेरच्या दारातून ओढून काढायची टाकी, 18-20 लिटरची, भरली की 20 किलोच्या आसपास जाते. मी ती पहिल्यांदा रिकामी करत होते आणि ती भसाभसा गचके देत ओतायला लागली, शिंतोडे बुटांवर, मला रडूच यायला लागलं. मागे रांगेत एक वयस्कर बाई होत्या, त्या पुढे आल्या, हसल्या नाहीत की काही नाही, माझा अंगठा धरून त्यांनी वरच्या हवेच्या बटणावर ठेवला आणि म्हणाल्या, तोंड खाली केल्यावर हे दाबून धरायचं. गचके बंद, एका धारेत सगळं रिकामं. मग पाइप घेऊन त्यांनी माझे बूटही धुऊन दिले! त्या कुठल्या गाडीतून आल्या होत्या मला आजही माहीत नाही, कारण तिथे सगळे चालत येतात आणि सगळ्यांच्या हातात तीच टाकी असते.

बरं तोरा फक्त पैसेवाल्यांचाच असतो असं समजू नका. स्वतःच्या हातानं व्हॅन बनवलेल्यांमध्येही असतो, टीव्ही नि एसी घेऊन फिरणाऱ्यांना ते फिरणारे मानतच नाहीत. आणि भाड्याच्या गाड्यांकडे, म्हणजे ज्यांच्या अंगावर कंपनीचं नाव मोठ्या अक्षरात असतं त्यांच्याकडे, जुनी मंडळी सरळ दुर्लक्ष करतात. मीसुद्धा दोन-तीन वर्षं त्यांना हात करत नव्हते, ते माझं चुकलंच.

एक गोष्ट मात्र तोरा समजून मनाला लावून घेऊ नका. भांडी घासलेलं पाणी जमिनीवर सोडलं, रात्री उशिरा जनरेटर चालवला, तर जुने लोक चिडून बोलतात, कधी फार कडक बोलतात. चार जणांनी असं केलं की गावातले लोक वैतागतात, मग पार्किंगच्या तोंडाशी उंचीचा आडवा बार लागतो आणि पुढच्या प्रत्येकाला तिथून परत फिरावं लागतं. ते बोलतात ती जागा वाचावी म्हणून, तेव्हा सॉरी म्हणा आणि कुठे ओतायचं ते त्यांनाच विचारा, बहुतेक वेळा स्वतः दाखवायला येतात.

आणि कुणी गाडी लावत असेल तेव्हा गप्पा मारायला जाऊ नका. मोठ्या गाडीला मागे घेणं, जॅक टेकवणं, लेव्हल करणं, स्लाइड म्हणजे खोलीचा सरकणारा भाग बाहेर काढणं यात वीस मिनिटं सहज जातात, आणि दोघं आधीच एकमेकांवर ओरडत असतात. त्या वेळी कुणीही तुटकच बोलणार. खुर्च्या बाहेर आल्या की जा.

तुमची गाडी भाड्याची आहे हे पहिल्याच वाक्यात सांगून टाका आणि काहीतरी विचारा, हीटर, गॅस, काहीही. लोकांना शिकवायला फार आवडतं. गाडी सपाट उभी राहावी म्हणून रॅम्प चाकाखाली घालताना एकानं बाहेर उभं राहून बघायचं असतं, तेव्हा शेजारचा आपणहून येतोच. नळाला लावायचे कनेक्टर वेगवेगळ्या साइजचे दोन-तीन घेऊन ठेवा, तुमचं काम होईलच आणि रांगेत कुणाला तरी हमखास लागतात.